पोळ्याच्या रंगाची खूण

भाऊ,

आज जळगावच्या जुन्या बाजारात मला एक झाकण मिळालं. किटलीचं. किटली नाही, नुसतं झाकण. पांढरं, कडेला फिकी गुलाबी फुलं, वर धरायला एक इवलासा पक्षी आणि त्याची चोच उडालेली. भंगारवाला म्हणाला, "ताई, याचं काय करणार?" मी म्हटलं, "बघू." ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि रिक्षात बसल्यावर एकटीच हसायला लागले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, चला, आता किटली शोधायला निमित्त झालं. आणि आईने कपाळावर हात मारला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण असलं काही हाती लागलं की तुमचं दोघांचं भांडण माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतं. ऐकायला गोड वाटतं. तेव्हा वाटायचं नाही.

माझे वडील असलात तरी सगळ्या गल्लीसारखी मीही तुम्हाला भाऊच म्हणत आले. तुम्ही एस.टी.चे कंडक्टर. धुळे-चोपडा ही तुमची आवडती गाडी. चोपड्याला गाडी थांबली की बाकीचे कंडक्टर भजी खायला जायचे आणि तुम्ही बाजारात, भंगारवाल्यांच्या रांगेत. खाकी गणवेशातला माणूस जमिनीवर उकिडवा बसून, फुटक्या बादल्या आणि सायकलच्या साखळ्यांच्या ढिगातून कप काढतोय, तो उन्हाकडे धरून चीर गेली आहे का बघतोय, हे चोपड्यात सगळ्यांना माहीत झालं होतं. कुठकुठून यायची ती भांडी! भुसावळच्या रेल्वे बंगल्यांतून, कापसाच्या जिनिंगच्या मालकांच्या मोडलेल्या घरांतून, कुणाच्या वाटण्या झाल्या की त्यातून. तुम्हाला सहाचा सेट कधी नको असायचा. सेट दुकानात मिळतो म्हणायचात. तुम्हाला हवा असायचा तो मागे एकटा राहिलेला कप, नाही तर कप फुटून गेलेली बशी. घरी आणून तुम्ही त्यांची लग्नं लावायचात. हिरव्या काठाची बशी, वर निळ्या ठिपक्यांचा कप. "शोभतोय ना जोडा?" म्हणून आईला विचारायचात, आणि आई तिच्या अहिराणीत म्हणायची, "आपलासारखाच शे."

देवपुरातल्या आपल्या त्या दोन खोल्या. स्वयंपाकघरातली एक पूर्ण फळी तुमच्या मालाने अडवलेली, त्यामुळे डाळींचे डबे खाटेखाली. आई साक्रीकडची, तिला पितळ आणि स्टील कळायचं, आपटलं तरी न फुटणारं. "घर शे का काचनं दुकान शे?" हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की मला ते आरतीसारखं पाठ होतं. एकदा तुम्ही असा कप आणलात की त्याच्या आत, अर्ध्या तोंडावर, चिनी मातीची एक पट्टी बसवलेली. आई म्हणाली, बिघडलेला माल गळ्यात मारला तुमच्या. सगळ्या गल्लीने तो हातात घेऊन पाहिला, कुणाला काही उमजेना. दोन दिवसांनी तुम्ही त्यात चहा प्यालात आणि ओरडलात, "अगं, मिशा! मिशा भिजू नयेत म्हणून!" झुपकेदार मिशा फक्त तुम्हालाच होत्या, त्यामुळे तो कप तुमचा झाला. आई नंतर कितीतरी दिवस पाहुण्यांना तो दाखवून म्हणत होती, "ह्या कपमा चहा पेवाना का नुसतं त्याकडे देखत बसानं?" पण दाखवायची मात्र तीच.

आणि माझं घड्याळ! दहावी पास झाले तेव्हा मला घड्याळ हवं होतं. तुम्ही खिशातून काढलंत ते काचेचं बूच. कुठल्याशा सुरईचं, पैलू पाडलेलं, सुरई नाहीच. मी रडून घर डोक्यावर घेतलं. तुम्ही ते दोऱ्याने खिडकीला बांधलंत. सकाळी ऊन आलं आणि चुलीमागच्या काळ्या भिंतीवर रंगांच्या पट्ट्या पडल्या. मी तरीही दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. घड्याळ ते घड्याळ. पण अभ्यासाला बसायची जागा मी त्याच भिंतीसमोर घेतली, हे तुमच्या लक्षात आलं होतं, आणि तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत.

आता त्या निळ्या वेलीच्या कपाचं लिहिते. त्याच्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आपल्याकडे लग्नकार्य निघालं की कपबशा गल्लीतून गोळा व्हायच्या. ज्याच्या घरी कार्य त्याच्या घरची पोरं टोपली घेऊन दारोदार फिरायची. मग घरोघरचे कप एकत्र होणार, म्हणून प्रत्येक घराची बुडाला एक खूण. आणि खुणेचा रंग ठरलेला, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून डब्याच्या तळाशी उरलेला. कुणाचा लाल ठिपका, कुणाची निळी फुली, ज्यांचे बैल जरा श्रीमंतीचे त्यांचा सोनेरी. शहरात राहायला आलेल्यांच्या कपांवरसुद्धा गावाकडच्या बैलांचा रंग असायचा. फक्त आपल्या कपांवर आपली खूण नव्हती. ज्या घरून तो कप निघाला त्या घरची जुनी खूण तशीच असायची. आईने रॉकेलने पुसायला घेतली की तुम्ही अडवायचात. म्हणायचात, "कुणीतरी हौसेने लावली असेल. राहू दे. आपल्याला आपले कप ओळखू येतात."

आपल्याला येत होते, पण गल्लीला कुठून येणार?

कोपऱ्यावरच्या घरी मुलीचं लग्न झालं, दुसऱ्या दिवशी अंगणात सतरंजीवर सगळे कप पालथे मांडून बायका निवडायला बसल्या. मी आपली टोपली घेऊन गेले होते. एकेक खूण बघून कप ज्याच्या त्याच्या टोपलीत जात होता, हसणं-खिदळणं चाललं होतं. तेवढ्यात मी एक कप उचलला. पातळ, निळी वेल, बुडाला सोनेरी तीन उभ्या रेघा. आणि आपल्यापासून दोन दारं सोडून राहणाऱ्या काकूंनी माझं मनगट धरलं.

"हाऊ ते मन्हा कप शे! मन्ही मायनी खूण शे हाई. तुमना घरमा कसा उना?"

काकूंचं माहेर चोपड्याचं. त्यांची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. काकूंच्या लग्नात तिने आपल्या सेटातले अर्धे कप लेकीला दिले होते, आणि त्या ते जीवापाड जपायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, हा आमच्या भाऊंनी बाजारातून आणलाय. कुणीतरी हळूच म्हणालं, "बाजारातून." एवढंच. पण ते ज्या सुरात म्हटलं गेलं तो सूर मला अजून ऐकू येतो. एका बाईने आमच्या टोपलीतले बाकीचे कप पालथे करून बघायला सुरुवात केली. लाल, निळ्या, हिरव्या, सगळ्या परक्या खुणा. आमच्या टोपलीत आमचं असं काहीच दिसेना.

आई धावत आली. जी बाई रोज त्या कपांच्या नावाने बोटं मोडायची ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कडाडली, "मन्हा नवराना हातमा रोज बठ्ठा लोकेसना पैसा राहस, अन् तो तुन्हा कप चोरी का?" मला वाटलं, आता तुम्ही येऊन चार शब्द सुनवाल. तुम्ही आलात, कप हातात घेतलात, बूड पाहिलंत आणि काकूंपुढे धरलात. "तुमनी मायनी खूण शे ना, बहिनी? मंग लई जा." आणि घरात निघून गेलात. भाऊ, त्या वेळी तुमचा इतका राग आला होता! आई तर म्हणाली, दिला म्हणजे कबूल केलं. लोकांनीही तेच धरलं.

कंडक्टरचं नाव म्हणजे काय असतं हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. कापड पांढरं नसलं तरी चालेल, पण डाग नको, म्हणायचात. तुमच्या डेपोतले दोघे त्याच गल्लीत राहत होते. गोष्ट डेपोपर्यंत गेली असणार, कारण त्या दिवसांत तुम्ही घरी आल्यावर शिट्टी वाजवत नव्हता. पुढच्याच पंधरवड्यात समोरच्या घरी बारसं झालं. टोपली आपल्या डाव्या बाजूच्या घरी गेली, उजव्या बाजूच्या घरी गेली. आपल्या दाराशी थांबली नाही. आईने सकाळपासून कप धुऊन, पुसून, ओट्यावर मांडून ठेवले होते. दुपारी तिने ते एकेक करून परत फळीवर लावले. तुम्ही जेवत होतात. तुमचा हात ताटातच राहिला. मी तुम्हाला म्हटलं, विकून टाका सगळे, एकदाचे. तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलात, "मी चोरले असते तर विकले असते!"

त्या रागावण्याचं मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. इतके दिवस तुम्ही गप्प होतात ते मला सोसत नव्हतं.

मग काकू आल्या. सकाळची वेळ, नळावर बायकांची रांग. त्यांच्या हातात तो कप होता आणि चेहरा असा की आईनेसुद्धा शिवी गिळली. त्यांच्याकडे पाहुणे येणार होते, म्हणून त्यांनी पेटीतले माहेरचे कप काढले, धुतले आणि ओळीने मांडले. त्यांचे सगळे कप जागेवर होते. हा वरचा होता. भाऊ, त्या गप्प बसू शकल्या असत्या. कुणाला काही कळलं नसतं, एक कप जास्तीचा मिळाला असता. पण त्या नळासमोर, सगळ्यांच्या देखत, आपल्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मन्हा कप मन्हा घरमाच शेतस. बठ्ठा शेतस. हाऊ मन्हा नही. मी कंडक्टरभाऊले उगाच बोल लाया." नळाचं पाणी कळशीतून वाहून चाललं होतं आणि ते बंद करायचं कुणाला सुचेना.

माझ्या मनात आलं, झालं, सुटलो. पण काकू ओट्यावरच बसल्या. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हाऊ कोठे भेटना तुमले?" तुम्ही म्हणालात, चोपड्याच्या बाजारात. आणि मग तुम्हाला दोघांनाही एकदमच कळलं. खूण त्यांच्या आईचीच होती. आईकडे राहिलेल्या अर्ध्या सेटातला तो कप होता. काकू म्हणाल्या, "दादा ते सांगे, मायनं बठ्ठं सामान कोठीमा कुलूप लाई ठेवेल शे." दादा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. त्याने कुलूप वगैरे काही लावलं नव्हतं. आईच्या मागे तिची भांडी त्याने भंगारात काढली होती. काकू रडल्या नाहीत. कपाच्या बुडावरून अंगठा फिरवत राहिल्या. मघाशी शिवी गिळलेली माझी आई आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. चहा त्याच कपात दिला, खाली हिरव्या काठाची बशी.

पुढच्या रविवारी तुम्ही त्यांना आपल्या गाडीने चोपड्याला नेलंत. सोबत मी. तुम्ही तिकीट फाडायला लागलात तेव्हा काकूंनी विचारलं, "बहिनले बी तिकीट?" तुम्ही म्हणालात, "बहीन शे म्हनीसन नीट तिकीट. नही ते परत लोके काय म्हनतीन?" आणि अख्खी गाडी हसली, काकूही हसल्या. भंगारवाल्याकडे निळ्या वेलीचं आणखी काय काय होतं. बिनकानाचा कप, तीन बशा, दुधाचं भांडं. तुम्ही दोघं उकिडवे बसून ढीग उपसत होता, मी वर उन्हात उभी. सगळं पिशवीत भरून झाल्यावर काकू उठल्या आणि आईच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या. थोडा वेळ तिकडे पाहत राहिल्या. मग परत फिरून म्हणाल्या, "चाला." परतीच्या गाडीत त्यांनी दुधाचं भांडं मांडीवर धरलं होतं. अमळनेरपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या, आणि अमळनेरच्या पुढे आईच्या हातच्या खापरावरच्या पुरणपोळ्या कशा असायच्या ते धुळे येईपर्यंत सांगत होत्या.

त्या वर्षी अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, आली. गल्लीतल्या सासुरवाशिणी पिशव्या भरून माहेरी निघाल्या. आखाजीला माहेरी न जाणाऱ्या बाईकडे आपल्या खानदेशात लोक कसं बघतात ते तुम्हाला माहीत आहे. काकूंचं जायचं ठिकाण राहिलं नव्हतं. दुपारी दारात बघते तर काकू, नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात कपड्यांची पिशवी. दोन दारं ओलांडून आलेल्या, पण गावाहून आल्यासारख्या दमलेल्या. आईने एक क्षण पाहिलं आणि मग अशी काही आनंदली की भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला धावली. दोन दिवस त्या आपल्याकडे राहिल्या. त्यांचा नवरा संध्याकाळी येऊन ओट्यावर जावयासारखा अवघडून बसला. तुम्ही त्याला मिशांच्या कपात चहा दिलात. नळावरच्या बायका बघत होत्या. ज्या बाईने तुम्हाला चोर म्हटलं तिनेच तुमच्या घराला माहेर केलं, त्यापुढे कुणाची काय जीभ वळवळणार? पुढच्या लग्नाला टोपली सगळ्यांत आधी आपल्या दारी आली. आईने टोपलीवाल्या पोरांना मुद्दाम ताटकळत ठेवलं. आईच ती.

तुम्ही गेलात त्या वर्षीची आखाजी मला आठवते. मी तेव्हा लग्न होऊन जळगावला आलेले, आईजवळ राहायला गेले होते. दोघी बसलो होतो, सणाचं काही केलं नव्हतं. आई म्हणाली, आता ती काय येते. आणि काकू आल्या, पिशवी घेऊन. आईला हुंदका आवरेना तशा तिच्याजवळ बसून म्हणाल्या, "भाऊ गया म्हनीसन काय माहेर जास?" त्यांनीच चूल पेटवली. आई होती तोवर दर आखाजीला त्या आल्या. आई गेल्यावर त्या खोल्या सोडाव्या लागल्या. कप मी जळगावला आणले. माझी मुलगी म्हणते, आई, न जुळणारे कप आता फॅशन आहे, लोक फोटो काढून टाकतात. मी म्हणते, आमच्याकडे ही फॅशन फार आधी आली, एस.टी.ने.

हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. नवीन आहे ते एवढंच, आणि त्यासाठीच कागद घेऊन बसले. काल दुपारी काकूंचा फोन आला. आता फार म्हाताऱ्या झाल्या आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलतात. मला म्हणाल्या, "आखाजीले येशी ना वं, पोरी? तुन्ही माय नही, बाप नही, मंग कोठे जाशी? मी शे ना आठे." मी हो-नाही करायला लागले तर त्यांनी दम भरला, "माहेरले नही म्हनानं नही!" आणि फोन ठेवला. भाऊ, मी या वयात स्वयंपाकघरात उभी राहून लहान पोरीसारखी रडले. तुम्ही तेव्हा तो कप न बोलता देऊन टाकलात त्याचा मला किती वर्षं राग होता. काल तो गेला.

हे पत्र काही टाकायचं नाही, टाकू तरी कुठे. घडी करून कुठल्या तरी बरणीत ठेवीन. फोनवर हो-नाही करताना मी काकूंना "बघते, जमलं तर" असं म्हणाले होते. घरातही तेच सांगितलंय. खरं म्हणजे भाऊ, सण अजून आठवडाभर लांब आहे आणि माझी पिशवी कालपासून भरून दाराशी ठेवली आहे.